ओलं कुंकू

सुयोगने आठवी सुरी मलमलीच्या कपड्यातून बाहेर काढली, उजेडात धरून पात्याच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेतले. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत हल्ली रविवारची सकाळ अशीच जायची. समोर विळीवर भेंडी चिरत बसलेल्या वनमालाबाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता. लेक तेहतीस वर्षांचा घोडा झाला, आईचा साधा चमचा कधी पुसून ठेवला नाही, आणि बायकोच्या अकरा सुऱ्यांना मात्र तान्ह्या पोरासारखं तेल चोळतोय!

"माझी विळी कधी पुसलीस रे?"

"तुझी विळी रोजच्या वापरातली, आई. तिला कशाला गंज धरेल? या ठेवणीतल्या आहेत ना."

ठेवणीतल्या. तो शब्द वनमालाबाईंच्या जिव्हारी लागला. रोजच्या वापरातल्या वस्तूकडे कोण बघतंय म्हणा. त्यांनी पुढची भेंडी जरा जोरातच चिरली.

सुऱ्या सुनेच्या, श्रुतिकाच्या. ती पवईच्या एका हॉटेलात शेफ. नव्या शाखेचं स्वयंपाकघर लावायला चार महिने गोव्याला गेली होती. जुन्या पोलादी सुऱ्या जमवायचा तिला नाद. एक मनोरीच्या कोळणीकडून मागून आणलेली, एक कुठल्या भंगारातून उचललेली. जाताना नवऱ्याला सगळं पढवून गेली. चामड्याच्या म्यानात ठेवायच्या नाहीत, चामडं ओल धरतं. दर रविवारी पुसून तेलाचा हात फिरवायचा. कप्प्यात कापराच्या वड्या टाकायच्या. आणि मग रोज फोन: मोठी सुरी कशी आहे, कोळणीची कशी आहे? आईची कंबर कशी आहे, हे सुयोगने महिन्यातून एकदा विचारलं असेल नसेल.

खंडेनवमीला सुयोग कामावर गेला आणि वनमालाबाईंनी तो कप्पा उघडला. हत्यारांच्या पूजेचा दिवस. कोण काय म्हणणार?

त्यांचे यजमान साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. दसऱ्याला मशीनची पूजा करताना ते आधी तेलाचा हात फिरवत आणि वर चिमटीने कोरडं कुंकू सोडत. ओलं कुंकू लोखंडाला खातं, हे वनमालाबाईंनी त्यांच्या तोंडून तीस वर्षं ऐकलं होतं. तरीही त्यांनी वाटीत पाणी घेऊन कुंकू कालवलं. एकेका पात्यावरचं तेल पदराने पुसून काढलं, मग ओलं बोट टेकवलं. झेंडू वाहिला, निरांजन ओवाळलं. संध्याकाळी फुलं काढली आणि सुऱ्या होत्या तशा गुंडाळून ठेवल्या. खोटं कशाला बोला, त्या रात्री त्यांना झोप छान लागली.

रविवारी सुयोगने पहिला कपडा उलगडला. मग दुसरा, तिसरा. प्रत्येक पात्यावर बोटाएवढा तांबडा डाग, कडेने खरखरीत झालेला.

"आई, हे काय गं?"

"पूजा केली खंडेनवमीला. नको होती करायला?"

"ओल्या कुंकवाने?"

वनमालाबाई भाजी निवडत राहिल्या. सुयोगने काही क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि श्रुतिकाला व्हिडिओ कॉल लावला. वनमालाबाईंनी पदर सारखा केला. ओरडू दे तिला. बायको सासूला कशी बोलते ते एकदा कळू दे याला, म्हणजे कुणाची बाजू घ्यायची तेही कळेल.

सुयोगने एकेक पातं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"पूजा कुणी केली?" श्रुतिकाने विचारलं.

"आईने."

"आईंना दे फोन."

फोन हातात आला. श्रुतिकाचे डोळे भरलेले होते.

"आई, आमच्या घरी दसऱ्याला भावाच्या रिक्षाला हार घालायचे. मी माझी सुरी पुढे केली की बाबा म्हणायचे, ती ठेव तिकडे ओट्यावर. आजवर कुणी कुंकवाचं बोट लावलं नाही हो माझ्या सुऱ्यांना." तिने नाक पुसलं. "डाग काय, मी आल्यावर घासून काढेन. मोठीवरचा तेवढा राहू द्या. पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून करू, चालेल ना?"

सुयोग समोरच बसला होता. बापाची पद्धत त्याला ठाऊक होती. पण तो मान खाली घालून कपड्याची घडी घालत राहिला.

"करू," वनमालाबाई म्हणाल्या. "पण आधी तेलाचा हात, मग कोरडं कुंकू. ओल्याने गंज चढतो." त्यांनी फोन जवळ घेतला. "मला ठाऊक होतं गं, श्रुतिका. तेव्हाही ठाऊक होतं."

कॉल चालूच होता. श्रुतिकाच्या मागे कुणीतरी ताटं रचत होतं, त्याचा आवाज स्वच्छ येत होता. वनमालाबाई फोन धरून बसून राहिल्या.