भिंगावरचे चंदन

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द ऐकून तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. खुशाल मुरडा. माझ्या अंगावरचे रबर झिजले आहे, एका कडेचा रंग उडाला आहे आणि गळ्यातला पट्टा मूळचा नाही. पण माझी भिंगे स्वच्छ आहेत, आणि दुर्बिणीची पारख भिंगांवरून करायची असते, कातडीवरून नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या पोटातली दमट हवा काढून कोरडा वायू भरला आणि सगळे सांधे घट्ट बंद केले. त्यामुळे पाणी माझ्या आत शिरत नाही आणि वाफही धरत नाही. एवढे लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरूनच सगळे घडले.

माझे पहिले मालक बाळकृष्णराव मूळचे तंजावरचे, पण त्यांचे आयुष्य मालवाहू जहाजांवर गेले. खारा वारा भिंगांना वाईट, म्हणून पाळी संपली की ते मला गोड्या पाण्याखाली धरत आणि मऊ फडक्याने टिपून ठेवत. जहाजावर माझी केवढी ऐट होती! पुढे ते चेन्नईत स्थायिक झाले, आणि एक दिवस गेले. "आता मोबाइलमध्येच झूम असतो," असे म्हणून त्यांच्या मुलाने मला एका दुकानात देऊन टाकले.

दुकानात माझ्या पोटावर 'सेकंडहँड' अशी चिठ्ठी डकवली. वरच्या फळीवर दिव्याखाली नव्या दुर्बिणी, आणि मी खाली कोपऱ्यात. गिऱ्हाईक मला उचलून घेई, चिठ्ठी वाची आणि दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश हातात आल्यासारखे पटकन खाली ठेवी. मला रडू नाही आले, राग आला. समुद्रावरची वादळे पाहिलेल्या मला ही माणसे शिळी समजत होती!

मग भुवना आली. ती तंजावरजवळच्या ओरत्तनाडू गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मुलींना गावाबाहेरच्या तळ्यावर पक्षी दाखवायला नेते. तिच्या वर्गात जननी नावाची जाड चष्म्याची मुलगी आहे. शाळेच्या स्वस्त दुर्बिणीतून पाहून ती दर वेळी म्हणे, "दिसला, मिस." एकदा भुवनाने विचारले, "चोच कशी होती?" जननी चष्मा पुसू लागली. तिला कधी काहीच दिसले नव्हते. चष्मा काढला तर स्पष्टता जुळवायचे चाक कितीही फिरवले तरी सगळे धूसर, आणि चष्म्यावरून पाहिले तर डोळा भिंगापासून लांब राहून नुसते एक बारीक भोक. बाकीच्या मुली हसतील म्हणून ती खोटे बोलत होती. त्या दिवसापासून तिने तळ्यावर येणेच सोडले.

चष्म्यावरूनही पूर्ण चित्र दिसेल अशी दुर्बीण भुवनाला हवी होती. माझ्या घराण्यातली नवी घ्यायची तर शिक्षिकेच्या पगारात ते जमण्यासारखे नव्हते. म्हणून ती खालच्या कोपऱ्याकडे वळली. पण भोळेपणाने नाही हं! तिने मला उलटी धरून टॉर्चच्या उजेडात बुरशी शोधली. कानाशी हलवून आत काही खुळखुळते का ते ऐकले. समोरच्या गच्चीवरचा अँटेना बघून तो दोन-दोन तर दिसत नाही ना, याची खात्री केली. शेवटी एका चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला विनंती करून त्यालाही पाहायला लावले. दुकानदार म्हणाला, "हिचा मालक जहाजावरचा कप्तान होता. पसंत पडली नाही तर दसऱ्यापर्यंत परत आणा."

अशी मी तंजावरला, बाळकृष्णरावांच्या गावी, मेलवीथी रस्त्याजवळच्या भुवनाच्या जुन्या मराठी घरात आले. भुवनाने जननीच्या घरी जाऊन सांगितले, "विजयादशमीला सकाळी तळ्यावर ये. चष्मा घालून ये." त्या दिवशी इकडे लहान मुलांचा विद्यारंभ करतात, तांदळात बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. जननीचा पाहण्याचा विद्यारंभ व्हायचा होता, आणि तो माझ्याकडून व्हायचा होता.

नवरात्रात भुवनाचा मोठा भाऊ गिरीश बंगळूरहून आला, तो बहिणीसाठी कोरी करकरीत दुर्बीण घेऊनच. डब्यावर किती पट मोठे दिसते त्याचा भला मोठा आकडा, आणि त्याच्या शेजारी पाणी आत शिरत नाही याची खूण म्हणून पाण्याचा थेंब छापलेला.

"दुसऱ्यानं वापरिलेली कशास घेटलीस?" तो म्हणाला. "ही बघ, नवी! जुनी मी जातां जातां चेन्नईत परत देतों."

"अण्णा, आकडा वाचून पक्षी दिसत नाहीं," भुवना म्हणाली.

"आणि जुनं बिघडलं तर? वारंटी कोण देईल, तुजा तो म्हातारा कप्तान?"

त्यांचे वडील गोपालकृष्ण, म्हणजे अप्पा, वीज खात्यातून निवृत्त झालेले, भांडण न आवडणारे. ते म्हणाले, "पोदुम्, पोदुम्! पुरे झालें. दोन्हीं पूजैस ठेवूं. मग काय तें बघा."

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. देवीपुढे विळी, कात्री, अप्पांची जुनी पक्कड, गिरीशचा लॅपटॉप आणि आम्ही दोघी असे मांडले गेलो. अप्पा प्रत्येकाला चंदन-कुंकू लावत होते, आणि त्यांचा नियम ठरलेला होता. ज्याचा जीव जिथे, टिळा तिथे. म्हणून कात्रीला धारेवर, पकडीला जबड्यावर. आणि दुर्बिणीला? डोळ्यांवर! त्यांनी हात जोडले आणि माझ्या दोन्ही भिंगांवर मधोमध ओल्या चंदनाचे ठसठशीत टिळे लावून वर कुंकू टेकवले. नवीलाही तसेच.

आरतीच्या वेळी भुवनाचे लक्ष गेले आणि तिचा चेहरा उतरला. पण पूजेला ठेवलेली वस्तू दुसऱ्या सकाळच्या पूजेपर्यंत हलवायची नाही, हा घरचा रिवाज. शिवाय अप्पांनी ते किती मनापासून केले होते! ती आरती म्हणत राहिली. चंदन भिंगांवर वाळत राहिले.

विजयादशमीला पूजा आटोपताच गिरीशने नेसलेल्या वेष्टीच्या, म्हणजे लुंगीसारख्या धोतराच्या, टोकाने नवीची भिंगे खसाखसा पुसली. वाळलेले चंदन म्हणजे बारीक रेतीच. भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटले. भुवनाने मात्र मला उचलले आणि सरळ परसातल्या नळाखाली धरले.

"अय्यो! पाण्याखालीं?" अप्पा ओरडले.

किती वर्षांनी ते गोडे पाणी अंगावर आले! चंदन भिजले, सुटले आणि पिवळा ओघळ होऊन वाहून गेले. भुवनाने मऊ फडक्याने टिपले आणि मला उजेडाकडे धरले. एक ओरखडा नाही, आत थेंब नाही.

"हिच्या डब्यावर थेंब आहे कीं," असे म्हणत गिरीशने आपली दुर्बीणही नळाखाली धरली. थोड्याच वेळात तिच्या आतून धुके दाटले. छापलेला थेंब डब्यावरच राहिला, खरा आत गेला. तिची मला दया आली. नवी असणे हा तिचा गुन्हा नव्हता, तिला घाईने आणि स्वस्तात बनवले होते एवढेच.

अप्पा ओट्यावर बसून राहिले. "मींच बिघडविलें," ते पुटपुटले.

"अप्पा, जीव जेथें आहे तेथेंच तुम्हीं लाविलें," भुवना म्हणाली. "चला, आमच्या सांगातें तळ्यावर चला."

तळ्याच्या बांधावर मुली जमल्या होत्या. जननी आली होती, पण सगळ्यांच्या मागे. "मी शेवटी बघते," ती म्हणाली. तिची पाळी आली तशी सवयीने ती चष्मा काढू लागली. भुवनाने तिचा हात धरला, माझ्या डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली फिरवल्या आणि मला तिच्या चष्म्याला टेकवले. पलीकडे उथळ पाण्यात एक करड्या-पांढऱ्या रंगाचा करकोचा गोगलगाय शोधत उभा होता.

भुवनाने 'दिसला का?' असे विचारले नाही. मीसुद्धा कधी ताणले नव्हते एवढे अंग ताणून उभी होते. बाकीच्या मुली चुळबुळू लागल्या. गिरीश काही बोलणार होता, पण अप्पांनी त्याला डोळ्यांनी गप्प केले.

मग जननी हळूच म्हणाली, "मिस, त्याची चोच मिटत नाही. मिटली तरी मध्ये फट राहते. फटीतून पाणी दिसतंय."

हे तिला कोणी सांगितले नव्हते. पुढे उभ्या असलेल्या एकाही मुलीने ते पाहिले नव्हते. "कुठे, कुठे?" करत त्या तिच्याभोवती गोळा झाल्या, आणि जननी त्यांना बोट करून दाखवू लागली. भुवनाच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले असते, पण माझे सांधे घट्ट आहेत.

परतताना गिरीश म्हणाला, "भुवना, दुकानवाल्यास सांग, दसरा झाला."

मित्रांनो, वापरलेली प्रत्येक वस्तू चांगली असते असे मी म्हणत नाही. आत बुरशी आलेल्या, आपटून वाकलेल्या माझ्या बहिणीही त्या दुकानात होत्या. कागदाची हमी हवी आणि परवडत असेल तर उत्तम नवी जरूर घ्या. पण नुसत्या चकाकीला भुलू नका, आणि जुनी म्हणून कुणाला झिडकारू नका. उलटी करून बघा, हलवून बघा. आणि घेतलीत तर सांभाळा: भिंग कधी कोरडे घासू नका, दमट पेटीत कोंडू नका.

यंदाच्या पूजेत अप्पांनी मला टिळा लावला तो पट्ट्याच्या कडीजवळ, भिंगे सोडून. गेल्या वर्षीच्या कुंकवाचा एक कण मात्र माझ्या चाकाच्या खाचेत अजून अडकून आहे, धुऊनही निघालेला नाही. दुकानदार त्याला डाग म्हणेल आणि माझा भाव उतरवेल. उतरवू दे की! मी आता विकायला नाही.