एक सूत जागा

काल बहिणीचा फोन आला. मी ही गोष्ट लिहितोय हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणाली, "लिही, पण मला फार शहाणी दाखवू नकोस. आणि खिडकी दुसरी होती, तिसरी नव्हे." माझ्या आठवणीत ती तिसरीच आहे. पण आमच्यात वाद झाला की बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं, म्हणून दुसरी धरून चालू.

मी नववीत नापास झालो. या वयात हे सांगताना लाज वाटायला नको, पण वाटते. अगदी ढ होतो असं नाही, आणि हुशार आहे असं तर कुणी चुकूनही म्हणालं नसतं. पुस्तकं मात्र सतत वाचायचो. जेवताना, रस्त्याने चालताना, गणिताच्या वहीखाली लपवून. परीक्षेत एखाद्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लागलो की मला थांबताच यायचं नाही. इतिहासाच्या पेपरात पहिल्याच प्रश्नावर सहा पानं लिहिली आणि बाकीचे पाच प्रश्न तसेच राहिले. गणितात सहा ओळीसुद्धा झाल्या नाहीत.

नुसतं नापास होणं एक वेळ परवडलं असतं. पण माझी बहीण, घरात आम्ही तिला छोटी म्हणायचो, माझ्याहून दीड वर्षाने लहान आणि एकच इयत्ता मागे. मी जागच्या जागी राहिलो आणि ती पुढे येऊन माझ्याच वर्गात बसली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिने मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"हे बघ, शाळेत आपली ओळख नाही. तू रस्त्याच्या त्या बाजूने चालायचं, मी या बाजूने."

"चालेल," मी म्हटलं. मला तर सुटल्यासारखंच झालं.

करार पहिल्याच तासाला मोडला. हजेरीत माझं नाव आलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला मुलींच्या बाकांवरून वैतागलेला आवाज आला, "हजर म्हण ना, दादा!"

अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. छोटीने जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून मी चाळीस जणांचा दादा झालो.

यात पुढाकार भोंग्याचा. हा मुलगा कुजबुजला तरी मैदानापलीकडे ऐकू जायचं, म्हणून भोंगा. "दादा, माझ्या पेन्सिलीला टोक काढून दे ना!" "दादा, मला बुटाची नाडी बांधता येत नाही!" "दादा, हा बघ मला चिमटे काढतोय!" दुसरा कुणी असता तर त्याने एक ठेवून दिली असती. मला मात्र चोख उत्तर सुचायचं ते दोन दिवसांनी. तोवर काय करायचं, म्हणून मी खरंच टोक काढून द्यायचो. खिशात वडिलांच्या दुकानातलं एक जुनं पातं असायचं, त्याने टोक फार सुबक निघायचं. महिन्याभरात माझ्या बाकापाशी पेन्सिली घेऊन रांग लागू लागली. मला वाटायचं, ही टिंगलच चालू आहे. कदाचित तेव्हा तशी ती होतीही.

वर्गाच्या बाई गणित शिकवायच्या. आदल्या वर्षीही मी त्यांच्याच हाताखाली होतो. फळ्यावर उदाहरण मांडलं की त्या मला उभं करायच्या.

"गेल्या वर्षी तू इथे कुठे चुकला होतास?"

"कंस सोडवताना उणे चिन्ह विसरलो, बाई."

"ऐकलंत? पाय इथे घसरतो. बस."

माझे कान तापायचे. माझी चूक चाळीस जणांसमोर रोज उगाळून बाईंना काय मिळतं, मला कळत नसे. मधल्या सुट्टीत मुलं वही घेऊन येत आणि विचारत, "दादा, यात तू कुठे आपटला होतास रे?" मी खाली मान घालून सांगायचो. चुका मला तोंडपाठ होत्या. दुसरं येत काय होतं?

शाळेच्या मागच्या रस्त्यावर बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरी. बाबा कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते काचेबद्दलच. मी शाळा सोडून दुकानात येतो म्हणालो तेव्हा त्यांनी बराच वेळ हातातला कटर पुसला.

"काचेवर कटर एकदाच फिरवायचा," ते म्हणाले. "रेघ नीट उमटली नाही म्हणून त्याच रेघेवर पुन्हा फिरवला, तर काच भलतीकडेच फुटते. तेच वर्ष पुन्हा करून काय होणार, मला समजत नाही. पण तू म्हणशील तसं."

आई कोपऱ्यात बसून आरशाच्या कडा ओल्या दगडावर घासत होती. दुकानाचं ते काम तिचं. मान वर न करता ती म्हणाली, "कापायचं काम तुमचं. कडा घासतं कोण? एकदाच घासून झालेली कड दाखवा मला."

बाबा पुन्हा कटर पुसायला लागले. पण मीच हट्टाला पेटलो होतो. शाळेच्या कचेरीतून छापील अर्ज आणला, 'कारण' लिहिलेल्या जागी 'अभ्यास झेपत नाही' असं भरलं आणि एका सकाळी बाबांची सही घेतली. छोटीला यातलं काहीच सांगितलं नाही. आईने त्या दिवशी डबा हातात न देता नुसता समोर ठेवला.

अर्ज घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. सकाळी बाईंपुढे जायचा धीर झाला नाही. मधल्या सुट्टीनंतर त्यांचा तास होता, तेव्हा द्यायचा असं ठरवलं.

मधल्या सुट्टीत भोंग्याने कुणाला तरी डस्टर फेकून मारलं. ते त्याला लागलं नाही, खिडकीला लागलं. दुसऱ्या खिडकीला. खालची काच खळकन फुटली आणि वर्गात चिडीचूप झालं. भोंग्याचा चेहरा पांढरा पडला. आठवड्यापूर्वीच त्याने दिवा फोडला होता आणि पुढच्या वेळी वडिलांना बोलावू अशी त्याला तंबी मिळाली होती. त्याचे वडील तोंडापेक्षा हाताने जास्त बोलायचे.

मग चाळीस माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"दादा," भोंगा म्हणाला, "काच!"

त्या हाकेत टिंगल नव्हती, एवढं मलाही कळलं. मी उठलो. चौकटीची उंची दोन ठिकाणी मोजली, रुंदी दोन ठिकाणी, कारण जुन्या चौकटी कधी सरळ नसतात. मग प्रत्येक बाजूने एक सूत वजा केलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबा म्हणायचे, चौकटीच्या मापाची काच कधी कापू नये. चारी बाजूंनी थोडी जागा सोडावी, नाहीतर घट्ट बसवलेली काच पहिल्या कडक उन्हात तडकते.

आमच्या घरात माप हाताला लागेल त्या कागदावर लिहितात. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, आमच्या वह्यांची पाठची पानं. माझा हात खिशात गेला, कागद निघाला, त्याच्या पाठीवर मी माप लिहिलं आणि कागद भोंग्याच्या हातात दिला. तो फाटकाबाहेर पोहोचलासुद्धा. आपण कशावर लिहिलं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सवयीचा गुलाम म्हणतात तो असा.

तोवर मी शिपाईकाकांकडून पक्कड आणून उरलेले तुकडे काढले, चौकटीतली वाळलेली पुट्टी खरवडली. वीस मिनिटांत भोंगा परत आला, तोही चालत. त्याला चालताना कुणी पाहिलंच नव्हतं. काच उभी धरून छातीशी घेतलेली, खिशात पुट्टीचा गोळा.

"तुझे बाबा म्हणाले, पळालास तर एकाच्या दोन काचा होतील."

दुकानात बाबा मापाचा कागद त्या त्या काचेवर खळीने चिकटवून ठेवत, म्हणजे अदलाबदल होत नाही. आकडे वर, दिसतील असे. या काचेवरही तो तसाच होता. मी बाहेरच्या बाजूला स्टूल घेऊन त्यावर चढलो, आकडे माझ्याकडे ठेवून काच चौकटीत सरकवली. चारी बाजूंनी एक सूत. अगदी बिनचूक. चार बारीक खिळे ठोकले, अंगठ्याने पुट्टी दाबली. त्या वर्षात सगळे प्रश्न सोडवून पुरा केलेला तो माझा पहिला पेपर म्हणायला हरकत नाही.

खूश होऊन मी काचेतून आत पाहिलं. हसतील, टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. पण कुणीच हसत नव्हतं. सगळे काचेकडे बघत होते, मधोमध. भोंग्याचे ओठ हलत होते. तो वाचत होता, आणि भोंगाच असल्यामुळे मला ते काचेतूनही ऐकू आलं.

"शाळा... सोडण्याचा... अर्ज." मग जरा थांबून, "अभ्यास झेपत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, कागदाची माझ्याकडची बाजू कुठली आणि त्यांच्याकडची कुठली.

भोंग्याने शेजारची खिडकी ढकलून डोकं बाहेर काढलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

"दादा, तू चाललास?"

मी बसलेली पुट्टीच पुन्हा अंगठ्याने दाबत राहिलो.

"मग बीजगणितात मी कुठे आपटणार, ते मला कोण सांगणार?"

"आणि टोक?" मागून कुणीतरी विचारलं.

"गप रे!" एक मुलगी म्हणाली.

इतक्यात छोटी बाहेर आली. तिने नळावर रुमाल ओला केला, स्टुलाच्या दांडीवर पाय ठेवून वर चढली आणि काचेवरचा कागद खरवडायला लागली. खळ अजून ओली होती, तरी कागद पट्ट्यापट्ट्यांनी निघत होता.

"माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस, दादा." हे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घरात सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"फक्त मलाच नाही." ती नखांनी सही खरवडत राहिली. "उद्यापासून एकाच बाजूने चालायचं. आणि पुस्तक बंद करून. परवा सायकलखाली येणार होतास. मी समोरून बघत असते रोज."

हे मला माहीत नव्हतं. मी आपला रोज मान खाली घालून वाचत चाललेला असायचो.

आत बाई कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. काचेवर आता 'झेपत नाही' एवढंच उरलं होतं. त्यांनी ते वाचलं असावं.

"खालचाही तुकडा काढ," त्या छोटीला म्हणाल्या. "उजेड अडतोय."

मग माझ्याकडे बघून, "हात धुऊन ये, दादा. फळ्यावर उदाहरण आहे."

बाईंनी मला दादा म्हटलं ते तेव्हा, पहिल्यांदा.

भोंग्याला राहवलं नाही. तो उभा राहून म्हणाला, "बाई, ती काच मी..."

"कुठली काच? मला तर सगळ्या दिसतायत. बस खाली."

संध्याकाळी मी दुकानात गेलो. बाबा आरसा बसवत होते.

"बसली?"

"बसली."

"जागा?"

"चारी बाजूंनी एक सूत."

"वजाबाकी कुणी केली?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. मग खळीचा ब्रश धुताधुता त्यांनी विचारलं, "कागद निघाला का?"

"छोटीने खरवडून काढला."

"दुसरा आणणार आहेस?"

"नाही."

"बरं. मग हा आरसा जरा धर."

आईने दगडावर पाणी शिंपडलं आणि थोडी सरकून शेजारी माझ्यासाठी जागा केली.

सकाळी स्वतः सही केलेला अर्ज बाबांनी दुपारी ओळखला नसेल का? खळ लावताना तीच बाजू डोळ्यांसमोर असते. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि ते कधी बोलले नाहीत. छोटी म्हणते, "अर्थात ओळखला होता, बावळटा." इथेही तिचंच खरं असेल.

मी त्या वर्षी पास झालो. फार काही गुण नव्हते. परीक्षेत दर वीस मिनिटांनी मुलींच्या बाजूने एक खोकला यायचा. त्याचा अर्थ, आता पुरे, पुढचा प्रश्न घे. भोंगा बीजगणितात कुठेही आपटला नाही. आजही त्याचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरतो. अजून दादाच म्हणतो.

पुढे मी एका ग्रंथालयात चिकटलो आणि तिथेच निवृत्त झालो. माझ्या हातून मोठं काही घडलं नाही. पण एवढ्या माणसांनी माझ्याभोवती एक सूत जागा सोडली नसती, तर मी कधीच तडकलो असतो. हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मला सुचायचं ते नेहमीसारखं उशिरा.

बाई एकदा ग्रंथालयात आल्या होत्या. केस पांढरे झालेले, हातात काठी. मी त्यांच्या पुस्तकावर शिक्का मारला. आता सांगू, आता सांगू म्हणत राहिलो, पण तोंडातून शब्द फुटेना. पुस्तक हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"हजर म्हण ना, दादा."

"हजर, बाई," मी म्हटलं.