घामेश्वर बाबा आणि केळीचा चीक

गुरुवारची संध्याकाळ होती आणि आमच्या गावात बाजारओट्यासमोर माना मोडून घ्यायला झुंबड उडाली होती. केळीचे घड वाहणारे मजूर कापणीवरून थेट आले होते. ओट्यावर घामेश्वर बाबा बसले होते. गळ्यात रुद्राक्ष, रुद्राक्षांत अडकवलेला माईक आणि दोन्ही बाजूंना लग्नात वाजतात तसले कर्णे.

"देव अत्तराच्या वासाला येत नाही, बेटा, घामाच्या वासाला येतो!" बाबा गरजत होते. "म्हणून अंघोळ करून येऊ नका, कपडे बदलून येऊ नका. शेतातून निघा आणि थेट माझ्या पायाशी या!"

मजूर समोर बसला की बाबा त्याला तोंड उघडू देत नसत. "बोलू नकोस! मी विचारत नाही, मी बघतो." मग डोळे मिटून, क्षणभर गुरगुरून, "उजवी! कळ उजव्या बाजूला आहे!" मजूर गार. मग बाबा आपला भगवा पंचा त्याच्या कानांवरून गुंडाळत, हनुवटी धरत आणि एक झटका देत. कर्ण्यांतून 'कट्ट' असा आवाज गावभर घुमे. "मोडली पीडा!" बाबा ओरडत आणि लोक हात जोडत.

मी याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. वह्या तपासून माझीही मान धरते, म्हणून पहिल्याच गुरुवारी मी इस्त्रीची साडी नेसून रांगेत बसले होते. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "ताई, आधी शुद्ध होऊन या," असं म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं. शुद्ध म्हणजे मळक्या कपड्यांत! केळीवाल्यांच्या मानेतलं ज्याला आरपार दिसतं त्याची नजर एका साडीवर अडते, हे मला तेव्हाच खटकलं.

पण माझं ऐकतो कोण? बाबांकडे निंबाचा पुरावा होता ना! निंबा आमच्या शेजारचा घडवाला. आख्ख्या गावाला बाबांनी 'उजवी' सांगितलं आणि निंबाला तेवढं 'डावी'. आणि निंबाची खरोखरच डावी बाजू दुखत होती.

"त्यासले कसं समजनं, सांगा ना बाई!" निंबाची बायको लताबाई मला उभ्या उभ्या आव्हान देई. "बठ्ठा गावनी उजवी, आमनी एकलानी डावी. डोया मिटीसन सांगं त्यासनी!"

खरं तर निंबाची मान बाबांच्या आधीच सुधारू लागली होती. माझी जुनी विद्यार्थिनी दिपमाला चोपड्याला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने त्याला व्यायाम शिकवले होते. हनुवटी आत ओढायची, कपाळाला तळहात लावून डोकं न हलवता दाबायचं, खांद्याची पाती मागे आवळायची, आणि हे सगळं थोडं थोडं वाढवत न्यायचं. गुण येत होता, पण हळूहळू. त्यात अंगणात हनुवटी आत-बाहेर करणाऱ्या निंबाला पाहून आयाबाया हसायच्या, "लताबाई, तुमना घर कोंबडा पायेल शे का?" लताबाईला ते फार लागे. बाबांनी मग फर्मान काढलं, "देवाने बसवलेला मणका हलवायचा नाही!" व्यायाम सुटले आणि लताबाईने सुटकेचा निःश्वास टाकला.

दोन झटके झाले. त्यानंतर निंबाच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. एकदा पाण्याने भरलेला तांब्याच हातातून सुटला. निंबा डावखुरा. तो हात म्हणजे त्याचं घर. बाबा म्हणाले, "पीडा हातावाटे बाहेर निघतेय. या गुरुवारी शेवटचा महाझटका!"

दिपमाला हे ऐकून धावत आली. "निंबाभाऊ, मुंग्या येतात म्हणजे मानेतली नस दबतेय. आता झटका बसला तर हात कायमचा लुळा पडू शकतो."

"बाबासना शब्द खोटा कसा व्हई, ताई?" निंबा म्हणाला. "न सांगता डावी वयखी ना त्यासनी!"

मला राग आवरेना. मी अंगणात येरझारा घालू लागले. दोरीवर निंबाचे कामाचे शर्ट वाळत होते आणि त्या शर्टांकडे पाहता पाहता मी थबकले.

"निंबाभाऊ," मी म्हटलं, "महाझटका घ्यायचा तर घ्या. पण तुमच्या मानेला हात लावण्याआधी बाबांना पुन्हा एकदा बाजू सांगू द्या. आणि जाताना तुमच्याबरोबर घड वाहणाऱ्या बादलचा शर्ट घालून जा, तुमचा त्याला द्या."

"देवले शर्ट कसाले लागी?" निंबा हसला. "त्यासले तर आतलं दिखस. घालसू मी!"

गुरुवारी बादलचा शर्ट घालून निंबा ओट्यावर बसला. शेकडो मानांत तोंडं कोण लक्षात ठेवतो? बाबांनी डोळे मिटले, गुरगुरले आणि गरजले, "उजवी! बेटा, तुझी उजवी बाजू!"

निंबाने बाबांचा पुढे आलेला हात धरला. "बाबा, मांगे तुमीच डावी सांगी व्हती. मनी डावीच दुखस."

बाबांनी डोळे उघडले. क्षणभर घाम त्यांनाच फुटला. पण गडी सराईत! "शर्ट कोणाचा आहे हा?" निंबा म्हणाला, "बादलना." "मग बरोबर! पीडा शर्टात असते. शर्टाबरोबर पीडा बदलली!"

निंबाचा शर्ट घातलेला बादल मागून उठला. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "मंग आते मनी डावी दुखाले पाह्यजे ना, बाबा? ती तं मजामां शे. उजवीच ठणकी ऱ्हायनी!"

लोक खो खो हसले. मी ओट्यावर चढले आणि दोघांना शेजारी उभं करून लोकांना त्यांचे खांदे दाखवले. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की काळा डाग पडतो, तो कापड फाटेपर्यंत जात नाही. म्हणून आमचे घडवाले कामाला एकच शर्ट काढतात, आणि निम्मा तरी धड राहावा म्हणून घड कायम एकाच खांद्यावर घेतात. बादलच्या शर्टाचा उजवा खांदा काळा, डावखुऱ्या निंबाच्या शर्टाचा डावा. घड ज्या खांद्यावर बसतो, बहुतेकांची मान त्याच बाजूला धरते. बाबांची दिव्यदृष्टी ती एवढीच. म्हणूनच देवाला धुतलेले कपडे चालत नव्हते!

"आणि तो कट्ट आवाज?" कोणीतरी विचारलं.

उत्तर लताबाईने दिलं. ती तरातरा पुढे आली, बाबांच्या हातातला पंचा तिने हिसकला आणि झटकला. दुमडलेल्या काठातून वाळक्या काड्यांचे तुकडे ओट्यावर पडले. तिने एक उचलला, माईकजवळ धरून मोडला. कट्ट!

"पऱ्हाटी! कपाशीन्या काड्या!" ती ओरडली. "रोज चूलमा घालस मी ही! आनि हाई ऐकीसन मी मना मानूसना हात घालवाले बठनू व्हती!" आणि तिथेच, सगळ्यांदेखत, ती रडली. बाबा कर्णे तिथेच टाकून गाडीत बसले.

आता गाव शहाणं झालं, असं मी म्हणणार नाही. मागच्याच आठवड्यात एकाने विचारलं, "बाई, घामेश्वर खोटा, पण एरंडोलकडला एक खरा शे म्हणतस?" कपाळाला हात लावला मी. व्यायामाने सगळ्यांना सारखाच गुण येत नाही, हे दिपमाला स्वतःच सांगते. पण ती आधी विचारते, तपासते, आणि गुण नाही आला तर तसं सांगतेही. निंबाच्या हाताच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत. तो कोंबड्यासारखी हनुवटी ओढतो आणि कोणी हसलं तर लताबाईच त्याला झाडते. दिपमालाने त्याला घड आलटून पालटून दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावलं आहे. त्यामुळे लताबाईची आता एकच तक्रार असते, शर्टाचे दोन्ही खांदे काळे झाले म्हणून.

तर बाबांनो, तुमचं दुखणं न विचारता सांगणारा कोणी भेटला तर हात जोडण्याआधी एकदा स्वतःच्या कपड्यांकडे बघा. आणि पुढच्या खेपेला शेजाऱ्याचा शर्ट घालून जा.