काळ्या हनुवटीचा हमिंगबर्ड

सत्यासाठी माणसाला प्रसंगी एकटं उभं राहावं लागतं. सुरुची बसूनच होती, कारण ऑस्ट्रेलियातल्या स्कोफिल्ड्सच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या कॅलेंडरची मीटिंग सुरू होऊन दोन तास झाले होते.

तिने आपल्या बॅकयार्डमध्ये काढलेला पक्ष्याचा फोटो मार्चसाठी निवडला गेला होता. भांडण होतं ते फोटोखाली छापायच्या नावावरून. अध्यक्ष हृषीकेशच्या मते तो लाल गळ्याचा हमिंगबर्ड होता, सुरुचीच्या मते काळ्या हनुवटीचा.

"गळा बघ ना, लाल आहे," हृषीकेश म्हणाला.

"तांबूस आहे. आणि काळ्या हनुवटीवाला हवेत तरंगताना शेपटी सारखी हलवतो. तुझा लाल गळेवाला एवढी हलवत नाही. मी अख्खी दुपार खिडकीशी बसून बघितलंय."

"मग सगळ्यांचं मत घेऊ या."

"घे. पक्ष्यालाही विचार."

"असं असेल तर फोटोच काढून टाकावा लागेल, सुरुची."

"टाक काढून. मार्च कोरा छाप आणि खाली लिही, सुरुचीने ऐकलं नाही."

कोऱ्या मार्चला कमिटीत कुणीच तयार नव्हतं. हृषीकेशने नमतं घेतलं. "पण हमिंगबर्ड आहे, एवढं तरी मान्य ना?"

"म्हणजे काय. सांगलीला आमच्या जास्वंदीवर रोज यायचा."

"आमच्या कराडला पण."

सुरुचीने सांगितलेलंच नाव तीनशे कॅलेंडरांवर छापलं गेलं.

हमिंगबर्ड दोन्ही अमेरिका खंडांबाहेर कुठेही आढळत नाही.