मनोरीच्या वाळूवरची तडतड

माझा नवरा नंदकिशोर म्हणजे पालथा घडा. आमच्या बोरिवलीच्या घराचा एक जिना चढताना तो छातीवर हात ठेवून थांबायचा, आणि विचारलं तर चपलेत खडा गेला म्हणायचा. डॉक्टरांनी थॅलियम टेस्ट सांगितली होती. शिरेत औषध टोचून हृदयाचे फोटो काढतात ती. मी महिनाभर मागे लागले होते. "मला काय धाड भरलीये?" एवढंच उत्तर. या हट्टापायी एक दिवस हा माझ्या हातातून जाणार, ही भीती मला जेवू देत नव्हती की झोपू देत नव्हती.

रविवारी आम्ही मार्व्याहून बोटीने मनोरीला गेलो. किनाऱ्यावर एक मुलगी हातात यंत्र धरून सावकाश चालत होती. परक्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय नंदकिशोरला चैन पडत नाही, तो गेलाच. मागून मीही. मुलीचं नाव गंधाली. वाळूतला किरणोत्सर्ग मोजते म्हणाली.

"म्हणजे इथे काही सांडलंय की काय?" मी विचारलं.

"नाही हो काकू. काही नाहीये ना, हेच अधूनमधून बघायचं असतं."

नंदकिशोर आकडा वाचायला वाकला, आणि यंत्र फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडायला लागलं.

शेजारी जवळा सुकत घालणाऱ्या सुंदराबाईचा चेहरा उतरला. "पोरी, काय निघालं गं? माझा सगळा माल इथंच हाय."

गंधालीने घाई केली नाही. "मावशी, थांबा जरा. काका, तुम्ही लांब उभे राहा बघू." तो लांब गेला. यंत्र शांत झालं. तिने तीच वाळू पुन्हा तपासली, जवळाही तपासला. काही नाही. मग ती यंत्र घेऊन नंदकिशोरपाशी गेली. पुन्हा तडतड.

"काका, एवढ्यात हॉस्पिटलात इंजेक्शन देऊन काही टेस्ट केली का?"

नंदकिशोर समुद्राकडे बघायला लागला. "काल," तो पुटपुटला. "थॅलियम."

"मावशी, वाळू चांगली आहे तुमची. हे काकांच्या अंगातलं टेस्टचं औषध आहे, त्यातूनच किरणं निघतात. हळूहळू उतरेल."

सुंदराबाईने समुद्राला हात जोडले, आणि नंदकिशोरला कोपरापासून.

मला आधी संतापच आला. "काल मित्राकडे गेला होतास ना तू?"

"सांगितलं असतं तर तू बाहेर बाकड्यावर बसली असतीस. दादाच्या वेळी बसली होतीस तशी. मला ते बघवलं नसतं गं."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. हॉस्पिटलात नेला तो परत आला नाही.

माझे डोळे भरून आले. घाबरत का होईना, एकटा का होईना, पण गेला होता. मी गंधालीचा हात धरला. "फार उपकार झाले गं तुझे."

"अहो, मी तर वाळू मोजत होते," ती म्हणाली.

"रिपोर्ट कधी आहे?" मी नंदकिशोरला विचारलं.

"उद्या."

"मी येणार आहे."

तो नाही म्हणणार म्हणून मी पुढचं भांडण तयारच ठेवलं होतं.

"ये," तो म्हणाला. "कालपासून विचार करतोय, तुला कसं विचारू."