मला सोनामाखी म्हणाले!

मित्रांनो, दिसायला मी मुठीएवढी, पांढरी, जुनी गारगोटी आहे. पण माझ्या भेगेत सोन्याची एक बारीक शीर आहे, आणि तिच्यापायी मी मरता मरता वाचले.

माझा जन्म जमिनीच्या पोटात झाला. तिथल्या कढत पाण्यात सोनं विरघळलेलं होतं. खडकाच्या भेगांतून वर येता येता पाणी निवलं, आणि मी व सोनं एकाच जागी थिजलो. सोनं तसं मानी. चांदीशी तेवढी त्याची गट्टी, बाकी कुणात फारसं मिसळत नाही. वरचा खडक झिजला तशा माझ्या बहिणी फुटल्या आणि त्यांचं सोनं नदीच्या वाळूत गेलं. मी टेकडीवरच राहिले.

तिथून भूशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने मला उचललं. पुढे ती कॉलेजात बाई झाली आणि मला काचेच्या कपाटात मानाची जागा मिळाली. बाई निवृत्त झाल्या नि माझी रवानगी खालच्या खणात झाली. तिथे बाईंनी माझ्यासाठी लिहिलेली चिठ्ठी कसरीने कुरतडली. उरलं एवढंच : ‘सोनं, मा’.

नवे सर हुशार, पण भारी घाईचे. ‘सोनामाखी’ असं वाचून मोकळे झाले! सोनामाखी म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. दिसतं सोन्यासारखं, पण सोनं नव्हे. कुटलं की त्याची काळी भुकटी होते, ती सरांना मुलांना दाखवायची होती. मला खलात ठेवून सरांनी बत्ता उचलला. माझं धाबं दणाणलं.

“अहो सर, थांबा!” प्रयोगशाळेतल्या मावशी धावत आल्या. “सोनामाखी दमट हवेत कळकटते. हिला मी वीस वर्षं पुसतेय, हिचा पिवळेपणा कधी गेला नाही.”

“मावशी, चिठ्ठीवर लिहिलंय ना!”

“चिठ्ठी अर्धीच आहे हो. आधी सुई तरी टोचून बघा.”

सोनामाखीत सुई रुतत नाही. सोनं मऊ, म्हणून माझ्या शिरेत ती अलगद रुतली. सरांनी बत्ता खाली ठेवला. “मावशी, वाचवलंत!” म्हणाले, आणि त्यांनी लगेच बाईंना फोन लावला.

बाई तडक आल्या. “अहो, मी ‘सोनं, माझं पहिलं’ असं लिहिलं होतं,” म्हणत त्यांनी मला गालाशी धरलं. त्यांचे डोळे भरले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, माझ्यातलं सोनं एका अंगठीलाही पुरायचं नाही. पण वितळवलेल्या सोन्याला आपलं गाव सांगता येत नाही. माझ्यातलं अजून पाण्याने ठेवलं तिथेच आहे. म्हणून दगड हाती आला तर आधी नीट बघा, शंका आली तर कुणाला तरी विचारा. बत्ता काय, नंतरही उचलता येतो.