पाकिटावरची बाई

"अम्मा, ये फोटू तुम्हाराच है ना?"

औरंगपुऱ्यात साहेबरावांच्या किराणा दुकानासमोर एक घड्याळाचं दुकान कैक वर्षांपासून बंद आहे. त्याच्या पायरीवर बसलेल्या सुगंधाबाईने मान वर केली. बुरख्यातली एक बाई एकदा तिच्याकडे आणि एकदा समोर दुकानावर टांगलेल्या बारा फुटी फलकाकडे बघत होती. फलकावर हेच हिरवं लुगडं, हेच अर्धवट हसू आणि कपाळावर गोंदणाचे हेच चार ठिपके होते. चौथा ठिपका जरा वाकडा, कारण गोंदणारणीने सुई टोचली तेव्हा सहा वर्षांच्या सुगंधाने डोकं हलवलं होतं. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'सुगंधाबाई येसूर, बाईच्या हातची चव'.

"थोबाड मेरा है," सुगंधाबाई म्हणाली, "मसाला मेरा नय."

"क्या मतलब?"

मतलब सांगत बसायला सुगंधाबाईला वेळ नव्हता. तिने मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. भाजलेल्या धण्याखोबऱ्याचा वास गाड्यांच्या धुरातून वाट काढत त्या बाईच्या नाकापर्यंत गेला.

"ये सूंगो. फिर अंदर जाके वो सूंगो."

बाई आत गेली, पाकीट नाकाला लावलं आणि रिकाम्या पिशवीने बाहेर आली. जाताना तिने सुगंधाबाईकडे बघून नुसती मान हलवली. काउंटरमागून साहेबरावांचा मुलगा विश्वजीत हे सगळं बघत होता, आणि तो बघतोय हे सुगंधाबाईला दिसत होतं. त्या बघण्यासाठीच ती रोज पडेगावहून रिक्षात दाटीवाटीने बसून इथे येत होती.

बावीस वर्षं तिने या दुकानाला येसूर पुरवला. बाजरी, गहू, डाळ, धणे, खोबरं, मिरची, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकाच्या धगीत दुसरा टाकायचा नाही. रश्श्यात चमचाभर टाकला की शेजारचं घर विचारायला यायचं. साहेबराव तो पोत्यातून सुटा विकायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "त्या बाईचा द्या." कोण बाई, कुठली, कुणाला ठाऊक नव्हतं. सुगंधाबाईला त्याचं काही वाटतही नव्हतं.

मग विश्वजीत पुण्याहून शिकून आला. एक दिवस लॅपटॉप उघडून तो तिच्यासमोर बसला. "मावशी, चव सगळेच विकतात. लोक नाव विकत घेतात, चेहरा विकत घेतात. तुमचा चेहराच आपला ब्रँड!" तिला हिरवं लुगडं नेसवून फोटो काढला. पाकीट छापून आलं तेव्हा सुगंधाबाईने ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, खोटं कशाला बोला. नंतर विश्वजीतच्या नव्या कंपनीचा एक कागद आला आणि तिने काही न विचारता त्यावर सही केली.

ही चूक तिच्या घराण्यातल्या माणसाकडूनच व्हावी. तिच्या सासरी मेंढरं होती. डाव्या कुशीवर गेरूची दोन बोटं ओढलेली दिसली की ते मेंढरू मुंजाबाचं, तिच्या नवऱ्याचं, हे लासूर स्टेशनच्या बाजारापर्यंत कुणीही सांगायचं. मेंढरू विकलं की दोर हातात देण्याआधी मुंजाबा कातर काढायचा आणि तेवढी रंगलेली लोकर कातरून घ्यायचा. मेंढरू घेणाऱ्याचं, खूण घरची. घेणाराही कातर चालेपर्यंत मुकाट्याने थांबायचा. जन्मभर हेच पाहिलेल्या बाईला वाटलं, आपण येसूर दिला, नाव कसं जाईल? हे विचारून घ्यावं असं तिच्या मनातही आलं नाही.

तीन वर्षांनी शेंद्र्याच्या एमआयडीसीत विश्वजीतचं यंत्र बसलं. सगळे जिन्नस एकदमच भाजून, एकदमच दळून, तासाभरात पोती भरू लागली. "मावशी, आता तुम्ही आराम करा," तो म्हणाला. सुगंधाबाई आराम करणारी नव्हती. तिने पडेगावात घरासमोर टेबल मांडलं आणि पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, 'सुगंधाबाईचा येसूर'. पंधराव्या दिवशी वकिलाचा कागद आला. सून मोनिकाने तो वाचून दाखवला.

"आत्याबाई, ते म्हणत्यात सुगंधाबाई हे नाव तुम्ही वापरायचं नाय. कंपनीचं हाय ते."

"अन् मी कुणाची?"

मोनिकाने कागदाची घडी घातली. मग तिने चांगला वकील बघू म्हणून सुचवलं.

"वकील त्याच्याकडं हाय," सुगंधाबाई म्हणाली. "माझ्याकडं तोंड हाय. त्येनंच इतकं मोठं करून टांगलंय."

तिने विश्वजीतला शिव्याशाप दिले नाहीत. शिव्या दिल्या की राग हलका होतो, आणि तिला तो हलका करायचा नव्हता. पेटीतून तिने ते हिरवं लुगडं काढलं, झटकलं, नेसली आणि पायरीवर येऊन बसली. ओरडायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. विचारील त्याला खरं तेवढं सांगायचं.

आठव्या दिवशी विश्वजीतने हवालदाराला बोलावलं.

"बाई, इथं काय विकताय?"

"काय नाय साहेब. वास देते. वासाचा कागद नाय केलेला अजून."

हवालदाराने डब्यात नाक घातलं, मिशीतल्या मिशीत हसला आणि विश्वजीतला म्हणाला, "पायरी तुमची नाही, रस्ता तुमचा नाही. आणि फोटो तर त्यांचाच आहे हो!"

मग मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले. वर हसणारी बाई, खाली न हसणारी बाई. दुकानात शिरणारे आधी पायरीकडे वळायला लागले. पाकिटांवर धूळ बसू लागली. ती धूळ बघून सुगंधाबाईला जे सुख झालं, तसं नातू झाला तेव्हाही झालं नव्हतं. हे मनात आल्यावर तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली.

एकोणिसाव्या दिवशी साहेबराव स्वतः चहाचे दोन पेले घेऊन रस्ता ओलांडून आले. गुडघे धरून तिच्या शेजारी पायरीवर बसले. बावीस वर्षांत ते तिच्याशी कधी वावगं वागले नव्हते.

"बाई, झालं ते झालं. दुकानात या. गल्ल्याशेजारी खुर्ची टाकतो. तुम्हीच भाजा, तुम्ही म्हणाल तसं."

सुगंधाबाईला आतून भरून आलं. हेच तीन महिन्यांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर ती पळत गेली असती.

"अण्णा, तुमच्यासाठी उठले असते. पण माझ्या दारात कागद आला त्या दिवशी तुम्ही कुठं व्हता?"

साहेबरावांनी पेल्यात बघितलं. "दुकानातच होतो," ते म्हणाले.

"मंग माझं तोंड खाली उतरवा. पाकिटावरनं बी. अन् ह्यो फलक त्येनं सोता उतरवायचा. भर बाजारात, उन्हाच्या टायमाला."

"आणि नाव?"

"नाव बी माघारी द्या."

"ते कंपनीच्या कागदात आहे, बाई. विश्वजीत ते सोडणार नाही. छापणार नाही, एवढा शब्द मी देतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी विश्वजीत शिडीवर चढला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि खाली ही गर्दी. एकेक गाठ सुटत नव्हती, आणि सुगंधाबाई प्रत्येक गाठ पोटभर बघत होती. वरची दोरी सुटली तसा तिचा चेहरा मधोमध दुमडला आणि नाक खिळ्यात अडकून फाटलं. गर्दीत कुणीतरी हळहळलं. ती हळहळली नाही. उठली, फलकाची वळकटी काखेत मारली आणि रिक्षात बसली.

आता पडेगावात त्याच फ्लेक्सवर मिरच्या वाळतात, चेहरा जमिनीकडे करून. नाव वापरता येत नाही म्हणून सुगंधाबाई कागदी पिशवीवर गेरूची दोन बोटं ओढते. माहीतगार गिऱ्हाईक दौलताबाद रस्त्यावरून वाट वाकडी करून येतं, पण औरंगपुऱ्यातलं गिऱ्हाईक काही इतक्या लांब येत नाही.

परवा मोनिका बाजारातून आली ती एक पाकीट घेऊन. "आत्याबाई, हे बघा. त्याच दुकानात धडाक्यात खपतंय."

'माईचा येसूर'. वर एक बाई होती. हिरवं लुगडं, अर्धवट हसू, कपाळावर गोंदण. वयाने जरा तरुण आणि सुगंधाबाईपेक्षा देखणी.

"हिला तरी इचारलं आसंल का?" सुगंधाबाई म्हणाली. "कुठं ऱ्हाती गं ही? पत्ता काढ. सांगून येते, सही करू नको म्हनावं."

"आत्याबाई, ही कुठंच ऱ्हात नाय. जिती बाई नाय ही. कॉम्प्युटरवर बनवलेली हाय."

सुगंधाबाईला ते समजायला जरा वेळ लागला.

"म्हंजी ही येऊन पायरीवर बसायची नाय."

"नाय."

"लई भ्यालं गं पोरगं!" ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली होती. मग तिने पाकीट उजेडात धरलं आणि हसू थांबलं. गोंदणाचे ठिपके चार होते, आणि चौथा जरा वाकडा होता.

मोनिकाही वाकून बघू लागली.

सुगंधाबाईने वाटीतल्या गेरूत दोन बोटं बुडवली आणि पाकिटावरच्या बाईच्या कपाळावरून सावकाश खाली ओढली. गेरू वाळेपर्यंत ते पाकीट तिने समोर धरून ठेवलं. मग ते बाजूला ठेवलं आणि भरायची पुढची पिशवी ओढली.